डोळा नक्की कुठं होता? सराफ्यात कॅमेरेवाला चष्मा घालून फिरलो त्याची गोष्ट

माझं इंदूरला चष्म्याचं दुकान आहे, राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर, वडिलांनी सुरू केलेलं, आणि इतकी वर्षं लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बसवून सवयच अशी लागलीय की कुणी डोळ्यावर काहीही चढवून दुकानात शिरलं तरी माझी नजर आधी नोजपॅडवर जाते, माणसाच्या तोंडाकडं नंतर. तर दिवाळीच्या सुट्टीत भाची आली, ती बाहेर डिझाइन शिकते, आणि तिनं बॅगेतून एक चष्मा काढून काउंटरवर ठेवला. जाड काड्या, साध्या काचा, पण काचेच्या आतल्या कडेनं बारीक बारीक टिपके, दोन भुवयांच्या मध्ये कॅमेऱ्याचं भोक आणि काडीच्या टोकातून एक वायर निघून फोनला. "मामा, हा घालून सराफ्यात एक चक्कर मार ना, तू काय काय बघतोस ते मला रेकॉर्ड करायचंय." मी म्हटलं अगं त्याला एवढं कशाला, विचार, सांगतो की. तर म्हणे, "तू जे सांगशील ते खरं नसतंच ना."

मला जरा लागलं ते. पण नंतर दोन दिवस तिच्याकडून समजून घेतलं, स्वतः घालून फिरलो, आणि आता मलाच वाटतंय की हे लोकांना सांगायला पाहिजे, कारण सध्या दुकानांच्या जाहिरातींपासून क्रिकेटच्या कोचिंगपर्यंत सगळीकडं "आय ट्रॅकिंग केलं", म्हणजे नजर कुठं कुठं जाते ते मशीननं मोजलं, असं सांगतात आणि त्या व्हिडिओत एक लाल गोळा इकडून तिकडं उड्या मारताना दाखवतात, आणि बघणारा म्हणतो वा, मशीनला सगळं कळलं. त्या गोळ्यावर कितपत विश्वास ठेवायचा, एवढंच मला सांगायचंय.

आधी डोळ्याचं. हात समोर सरळ लांब करा आणि अंगठा वर करून नखाकडं बघा. तुम्हाला जगातलं जे काही अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण त्या नखाएवढंच, दीड-दोन अंश. बाकी सगळं धूसर असतं. पटत नाही ना? मलाही दुकानात बसून पटवायला वेळ लागतो, कारण आपल्याला तर सगळी खोली एकदम लख्ख दिसतेय असं वाटतं. पण ते असं होतं की डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारतो, एका जागी पाव सेकंद थांबतो, तिथला बारीक तुकडा उचलतो, पुढं उडी, परत थांबतो, आणि मेंदू ते तुकडे जोडून आपल्याला अख्खं चित्र दिल्यासारखं करतो. उडीच्या वेळी डोळा फिरण्याचा वेग सेकंदाला कित्येक शे अंश असतो आणि तेवढ्या वेळापुरता मेंदू चित्र जवळजवळ बंदच ठेवतो. घरी बघा करून: आरशासमोर उभं राहून आधी आपल्या डाव्या डोळ्यात बघा मग उजव्या, मग परत डाव्या. तुमचे डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी बायको उभी असेल तर तिला मात्र स्पष्ट दिसतील. हेच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात केलं की दिसतं, कारण फोनचं चित्र जरासं उशिरा येतं, तोवर तुमची उडी संपलेली असते.

म्हणजे माझ्या डोळ्यांनी मिनिटाला दीडशे-दोनशे उड्या मारल्या आणि त्यातल्या बहुतेक मला माहीतच नाहीत. मग सराफ्यात काय बघितलं विचारल्यावर मी जे सांगणार ती माझी आठवण, आणि तीही काय विकत घेतलं काय खाल्लं त्यावरून मागाहून जुळवलेली. भाचीचं बरोबरच होतं.

हे शोधायचे प्रयत्न लई जुने आहेत आणि जरा भयंकरही. एकोणिसाव्या शतकात, १८७९ च्या आसपास, पॅरिसला जाव्हाल नावाच्या नेत्रतज्ज्ञाकडं वाचताना डोळे कसे हलतात यावर काम चाललं होतं, तेव्हा लक्षात आलं की वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, धक्क्याधक्क्यानं जातो. मग अमेरिकेत एडमंड ह्यूई यानं प्लास्टर ऑफ पॅरिसची बारीक वाटी करून मध्ये भोक ठेवून ती चक्क डोळ्यावर बसवली आणि तिला ॲल्युमिनियमचा काटा जोडला, डोळा हलला की काटा हलणार. मी पंचवीस वर्षांच्या पोरांना कॉन्टॅक्ट लेन्स घालायला शिकवतो, त्यातली निम्मी पोरं बोट जवळ नेलं की डोळा मिटतात, आणि इथं प्लास्टर! १९०१ मध्ये डॉज आणि क्लाइन यांनी डोळ्याला हात न लावता कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, पडलेल्या उजेडाच्या ठिपक्याचा फोटो घेऊन हालचाल मोजली, आणि गंमत म्हणजे आजच्या चष्म्यातली युक्ती मुळात तीच आहे.

एक मात्र सांगायलाच पाहिजे, रशियातला यार्बुस. त्यानं डोळ्याला चिकटणारी बारीक टोपी वापरून माणसाला रेपिनचं एक चित्र दाखवलं, एक माणूस अचानक घरात येतो आणि घरातले चमकतात असं काहीतरी चित्र आहे ते. एकाच माणसाला तेच चित्र, पण दर वेळी प्रश्न वेगळा. या लोकांची वयं काय असतील विचारलं की नजर चेहऱ्याचेहऱ्यांवरून फिरते, घरची परिस्थिती कशी आहे विचारलं की फर्निचर आणि कपड्यांवर जास्त जाते. म्हणजे नजर चित्रावर अवलंबून आहेच पण डोक्यात प्रश्न कुठला आहे त्यावर त्याहून जास्त. हे १९६० च्या दशकातलं. त्याच सुमाराला डोक्यावर बसवायचे कॅमेरेही आले, पण ते म्हणजे हेल्मेटवर दुकान मांडल्यासारखे. खिशात फोन आणि नाकावर साधा चष्मा हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं, स्वीडनची टोबी, बर्लिनची प्युपिल लॅब्स अशा कंपन्या यात आहेत.

आता हा चष्मा चालतो कसा, कारण खरी मजा तिथंच आहे.

ते आतल्या कडेचे टिपके म्हणजे इन्फ्रारेडचे दिवे आणि अगदी चिमुकले कॅमेरे. इन्फ्रारेड आपल्याला दिसत नाही म्हणून डोळ्यावर उजेड मारला तरी माणूस बावचळत नाही, हे एक कारण. दुसरं कारण मला फार आवडलं. आपल्याकडं बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी, मी नंबर काढताना साध्या उजेडात लांबून बघितलं तर बाहुली कुठं संपते आणि भोवतालची तपकिरी चकती कुठं सुरू होते ते पटकन कळत नाही. पण तपकिरी रंग ज्यामुळं येतो ते मेलॅनिन इन्फ्रारेड फारसं शोषत नाही, त्यामुळे त्या कॅमेऱ्यात चकती राखाडी दिसते आणि मधली बाहुली काळीकुळकुळीत गोल. भाचीनं लॅपटॉपवर माझाच डोळा दाखवला, ओळखलाच नाही मी, म्हटलं हा कुणाचा घारा डोळा?

तर सॉफ्टवेअर तो काळा गोल शोधतं. बरोबर दिव्यांची चमक कॉर्नियावर पडलेली असते, पांढरे ठिपके. डोळा फिरला की बाहुली सरकते, पण चमक तेवढी सरकत नाही. या दोघांतलं अंतर आणि दिशा यावरून डोळा किती फिरला ते काढायचं. सेकंदाला पन्नास, शंभर, काही चष्म्यांत दोनशे वेळा. भुवईमधला कॅमेरा समोरचं जग टिपत असतो, सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं. आणि मग या दोन गोष्टींची सांगड घालायची, डोळा इतका फिरला म्हणजे समोरच्या चित्रात ती जागा कुठली. त्यासाठी सुरुवातीला कॅलिब्रेशन करतात, म्हणजे भाची एक छापील गोल कार्ड धरून मीटरभर अंतरावर उभी राहिली आणि म्हणाली याच्या मध्यावर बघ, हलू नको. झालं. नव्या चष्म्यांपैकी काहींत तेही लागत नाही, खूप लोकांच्या डोळ्यांचे फोटो आधीच शिकवून ठेवलेले असतात, त्यावरून मशीन स्वतःच अंदाज बांधतं.

इथपर्यंत ऐकून मी विचारलं, बाई, डोळा एक अंश फिरला की बाहुली सरकते किती? कारण आमच्या धंद्यात सगळं मिलिमीटरमध्येच असतं, दोन बाहुल्यांमधलं अंतर म्हणजे पीडी दोन मिलिमीटर चुकली तरी जास्त नंबरवाला गिऱ्हाईक डोकं धरून परत येतो. हिशेब केला तर असा: बाहुली डोळ्याच्या फिरण्याच्या मध्यापासून साधारण १० मिमी पुढं असते, म्हणजे एक अंशाला ती जेमतेम ०.२ मिमी सरकते. पूर्ण ०.२ सुद्धा नाही, थोडं कमीच. आता चष्मा नाकावरून १ मिमी खाली घसरला, जो घाम आला की, हसलं की, खाताना गाल हलले की घसरतोच, तर कॅमेऱ्याला वाटणार डोळाच पाच-सहा अंश वर फिरला. आणि पाच अंश म्हणजे दोन मीटरवर सतरा-अठरा सेंटिमीटर. मी जिलबीकडं बघतोय आणि गोळा पडलाय मागच्या पाटीवर.

मी म्हटलं हे तर माझंच काम झालं की! तेवढ्यासाठीच ती चमक लागते. चष्मा घसरला तर बाहुली आणि चमक दोन्ही बरोबरच सरकल्यासारख्या दिसतात, त्यांच्यातलं अंतर बरंचसं तसंच राहतं, आणि खरंच डोळा फिरला तर ते अंतर बदलतं. शिवाय आताची सॉफ्टवेअरं अख्ख्या डोळ्याचा त्रिमितीय अंदाज ठेवतात. त्यामुळे घसरल्याचा त्रास पुष्कळ कमी होतो, पण संपत नाही. मी गरम वाळूच्या पेटीत काड्यांची टोकं जरा गरम करायला गेलो, कानामागं नीट वाकवून देतो म्हणून, तर भाची किंचाळली, आत सर्किट आहे! मग नुसते जाड नोजपॅड लावून दिले आणि मागून डोरी. मोजणाऱ्या लोकांनी एकदा चष्मेवाल्याला विचारावं असं माझं म्हणणं आहे, असो.

दुसरी गडबड अंतराची. समोरचा कॅमेरा कपाळाच्या मध्यावर आणि डोळा त्याच्यापासून तीनेक सेंटिमीटर बाजूला, म्हणजे पीडीचा अर्धा. एक मीटरवरच्या कार्डावर कॅलिब्रेशन केलं तर त्या तीन सेंटिमीटरचा फरक तिथं जवळपास पावणेदोन अंशांचा होतो आणि तो हिशेबात धरला जातो. पण मग मी दहा मीटरवरच्या पाटीकडं बघितलं तर तिथं हा फरक राहतो नावाला, ०.२ अंशही नाही, आणि मशीन मात्र पावणेदोनाचाच वजा करत बसतं. म्हणजे दीड अंशाची चूक, आणि चष्मा मुळीच न हलता. दोन्ही डोळे किती आत वळलेत त्यावरून किती लांब बघतोय याचा अंदाज घेऊन हे सुधारता येतं, पण लांबच्या गोष्टींसाठी तो अंदाज फार कच्चा असतो.

दुपारी राजवाड्यासमोर ट्रायल घेतली तर वेगळंच. सात मजली राजवाडा, खालचे तीन दगडी वरचे लाकडी, म्हटलं वर बघतो एकेका झरोक्याकडं. पण उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, सूर्यापुढं त्या टिपक्याएवढ्या दिव्यांची काय कथा, आणि शिवाय ऊन लागलं की माणूस डोळे बारीक करतो, बाहुली पापणीआड. निम्मा वेळ गोळा गायबच. आणि जिथं होता तिथंही, वीस मीटरवर एक अंश म्हणजे पस्तीस सेंटिमीटर, मी खिडकीकडं बघितलं का शेजारच्या खांबाकडं हे त्यावरून ठामपणे सांगणं म्हणजे थापाच. कंपनीच्या कागदावर एखाद अंश लिहिलेला असतो, तो निवांत खोलीत बसलेल्या माणसाचा, रस्त्यावर दोन-तीन धरून चालावं.

माणसा-माणसाचाही फरक असतो. माझ्या आईला घालून बघितला, तिचं वय ७८, वरच्या पापण्या खाली आलेल्या, बाहुली अर्धीच दिसते, त्यात प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा-जवळचा एकाच काचेतला नंबर, जो या चष्म्यात बसत नाही. बायकोला घातला तर काजळ! जाड काजळ आणि मस्कारा लावलेल्या पापण्या कॅमेऱ्यात काळ्या दिसतात आणि सॉफ्टवेअर त्यालाच बाहुली समजून बसतं. बायको म्हणाली मी काजळ पुसून सराफ्यात येणार नाही. विषय संपला. पण हसण्यावारी नेऊ नका हां, ज्यांचे डोळे मशीनला नीट दिसत नाहीत ते अभ्यासातून गळतात आणि मग "लोक असं बघतात" मधले लोक म्हणजे तरुण, बिनचष्म्याचे, बिनकाजळाचे.

रात्री साडेनऊला सराफा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिवसा ही सोन्याचांदीच्या दुकानांची गल्ली, रात्री शटरं पडली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. ऊन नाही त्यामुळे चष्मा खूश. मी गराडू, भुट्ट्याचा कीस, मालपुआ अशी नेहमीची चक्कर मारली, एका ठेलेवाल्यानं विचारलंच, "भिया, ये चश्मे में क्या लगा रखा हे, जासूसी कर रिये हो क्या?" भाचीनं त्याला फोनवर लाल गोळा दाखवला, तो खूश, म्हणे देखो देखो भिया मेरी कढ़ाई देख रिये हें. खरं तर गोळा कढईकडं आणि कढईशेजारच्या त्याच्या हाताकडं असा दोन्हीकडं पडत होता, पण त्याला कोण सांगणार.

मग दहीवडा. सराफ्यात दहीवड्याचा द्रोण हवेत उंच उडवून परत झेलायची पद्धत प्रसिद्ध आहे, दही सांडत नाही. मला शपथेवर विचारलं असतं तरी सांगितलं असतं की मी पूर्ण वेळ त्या द्रोणाकडंच बघत होतो. रेकॉर्डिंग हळू करून बघितलं तर द्रोण हातातून सुटला तेव्हा गोळा त्याच्यावर, मग थोडा वर त्याच्याबरोबर गेला, आणि मग द्रोण वरच होता तेव्हाच गोळा उडी मारून खाली, झेलणाऱ्या हाताच्या जरा वर, वाट बघत. द्रोण नंतर आला. मी दोनदा रिवाइंड करायला लावलं.

भाची म्हणाली हे तर क्रिकेटमध्ये मोजलेलं आहे. आणि इथं मी सरसावून बसलो, कारण इंदूरचा माणूस, सी. के. नायडूंच्या गावचा. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या दोघांनी २००० साली छापलेला अभ्यास आहे, बोलिंग मशीन, बॉल सेकंदाला २५ मीटर म्हणजे ताशी ९० किलोमीटर, आणि डोक्यावर कॅमेरा लावलेले तीन बॅट्समन, एक पट्टीचा, एक बरा, एक जेमतेम. लहानपणापासून कोच ओरडतो की नजर बॉलवरून हलवू नको. प्रत्यक्षात तिघांचाही डोळा बॉल सुटताना बघतो आणि मग बॉलला सोडून पुढं उडी मारून जिथं टप्पा पडणार त्या जागेवर जाऊन थांबतो, टप्पा पडला की परत बॉल पकडतो. फरक एवढाच की पट्टीच्या बॅट्समनचा डोळा लवकर निघतो, त्याला टप्पा लवकर कळलेला असतो, आणि जेमतेमवाल्याचा उशिरा. म्हणजे ८ डिसेंबर २०११ ला आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागनं २१९ मारले तेव्हा तो काही प्रत्येक बॉल हातातून बॅटपर्यंत बघत बसला नसणार, असं मी आता दुकानात सगळ्यांना सांगतो, आणि लोक मानत नाहीत.

याच लँडनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये आणखी एक साधा अभ्यास छापला, लोकांना डोक्यावर कॅमेरा लावून चहा करायला लावला. निष्कर्ष असा की हात वस्तूवर पोचायच्या साधारण अर्धा सेकंद आधी डोळा तिथं पोचलेला असतो, आणि काम पुरतं संपायच्या आत पुढच्या वस्तूकडं निघूनही जातो, आणि बिनकामाच्या वस्तूंवर नजर जवळजवळ पडतच नाही. घरी बघा कुणाला पोहे करताना. फोडणीत मोहरी तडतडायला लागली की हात अजून झाऱ्यावर असतो आणि डोळा हळदीच्या डब्यावर.

आता रेकॉर्डिंगनंतरचं काम, ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. मी वीस मिनिटं फिरलो. सेकंदाला ३० चित्रं धरली तर ३६,००० चित्रं. आणि मशीनला एवढंच माहीत की गोळा चित्रात इतका डावीकडं, इतका वर. तिथं जिलबी आहे का माणूस हे त्याला माहीत नाही, कारण मी चालतोय, डोकं फिरवतोय, दर चित्रात जग वेगळ्या जागी. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचं आय ट्रॅकिंग यापेक्षा कितीतरी सोपं, तिथं स्क्रीन हलत नाही. मग एक तर माणूस बसून प्रत्येक थांब्याला नाव देतो, हा ठेला, हा चेहरा, हा फोन, किंवा जागोजागी छापील चौकोनी खुणा चिकटवतात, किंवा आता सॉफ्टवेअर व्हिडिओतून जागेचा नकाशा करून गोळा त्यावर बसवतं, जे मोकळ्या संग्रहालयात बरं चालतं आणि सराफ्याच्या गर्दीत सगळंच हलत असताना वैतागतं. भाची चार रात्री बसली होती. पोरीचे डोळे लाल, मामा चष्मेवाला, काय करणार.

त्यात "थांबा" म्हणजे काय हाच घोळ. वाचताना सोपं आहे, डोळा थांबला म्हणजे थांबला. पण चालताना? एक कागद हातात धरा आणि कागद जोरात डावी-उजवीकडं हलवा, वाचता येणार नाही. आता कागद स्थिर ठेवून डोकं तेवढंच हलवा. वाचता येतं! कारण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा डोकं जिकडं फिरेल त्याच्या उलट डोळा फिरवते. म्हणजे नजर एका जागी खिळलेली असताना डोळा खोबणीत मात्र सारखा फिरतोय. नुसत्या डोळ्याच्या कॅमेऱ्यावरून हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटतं माणूस इकडं तिकडं बघतोय. चांगल्या चष्म्यांत डोक्याची हालचाल मोजणारा सेन्सरही असतो तो याचसाठी, पण त्याचा आकडा हिशेबात घेतला का, आणि थांबा किती मिलिसेकंदांपासून धरला, हे रिपोर्टात लिहिलेलं नसेल तर "गिऱ्हाईकानं या पाकिटाकडं सरासरी एवढे सेकंद बघितलं" वगैरे आकडे मी तरी गंभीरपणे घेत नाही. आणि ते लाल-पिवळे ढगांचे नकाशे, जिथं नजर जास्त तिथं रंग गडद असले, ते तर चार माणसांचे असले काय चाळीस माणसांचे असले काय, दिसतात सारखेच सुंदर.

आणि समजा सगळं अचूक आलं, चष्मा घसरला नाही, ऊन नाही, काजळ नाही. तरी गोळा सांगतो डोळ्याचा तो नखाएवढा तुकडा कुठं रोखलेला होता. २०१३ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, फुप्फुसाचे सीटी स्कॅन बघणारे २४ रेडिऑलॉजिस्ट, रोजचं काम म्हणजे पांढऱ्या गाठी शोधणं, आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गुपचूप एका गोरिल्लाचं चित्र घातलेलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना दिसला नाही. आय ट्रॅकर लावलेलाच होता, त्यावरून कळलं की त्या २० पैकी १२ जणांची नजर थेट गोरिल्लावर पडलेली होती. गाठ शोधत होते, गाठ नव्हती, पुढं गेले. उलटंही होतं, कोपऱ्यातून एखाद्यावर लक्ष ठेवायचं आणि नजर मात्र दुसरीकडं, हे तर सराफ्यातल्या सोनाराला शिकवावं लागत नाही.

एक काळजीची गोष्टही आहे. माझ्या वीस मिनिटांत शेकडो अनोळखी लोकांचे चेहरे त्या फोनमध्ये गेले, त्यांना कुणी विचारलं नाही, भाचीनं नंतर चेहरे धूसर केले पण ते तिनं केले म्हणून. आणि माझं स्वतःचं? माझी नजर कुणाकुणावर किती वेळ पडली हे मलाच माहीत नव्हतं ते आता फाइलमध्ये आहे. आपल्याकडं २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा आहे, संमती वगैरे त्यात आहे, पण ज्या गोष्टीवर माझा स्वतःचाच ताबा नाही तिची संमती मी काय देणार. ॲपलनं २०२४ मध्ये आणलेला व्हिजन प्रो, डोळ्यांवर चढवायचा कॉम्प्युटरच तो, डोळ्यांनीच चालतो, आणि त्यात तुम्ही बोटांनी चिमटा करेपर्यंत कुठं बघताय हे ॲपना सांगितलं जात नाही असं त्यांनीच ठरवलंय, म्हणजे हा माल किती नाजूक आहे हे त्यांनाही कळतं.

शेवटच्या रात्री भाची माझ्या रेकॉर्डिंगला नावं देत बसली होती आणि एका जागी अडली. कांजीवड्याच्या गाडीपाशी, समोर दोनेक मीटरवर एक म्हातारे गृहस्थ, आणि माझा गोळा त्यांच्या तोंडावर चांगला दोन सेकंद. बाकी कुठल्याच माणसाकडं मी इतका वेळ बघितलं नव्हतं. "मामा, ओळखीचे का हे?" मी म्हटलं नाही गं, त्यांची डावी काडी बघ, स्क्रू ढिला झालाय, फ्रेम एका बाजूला लटकलीय, मी ते बघत होतो. तिनं झूम केलं. गोळा नाकावर होता, काडी तिथून पाचसहा सेंटिमीटर बाजूला, म्हणजे दीडेक अंश. एवढी तर चूक धरलेलीच असते, मी म्हटलं, सरकव की काडीवर. ती म्हणाली मामा असं सरकवत नाहीत, मग प्रत्येकाला विचारूनच सरकवावं लागेल, आणि तुला आठवतंय ते खरं कशावरून?

तिनं त्या थांब्याला नाव दिलं, "चेहरा, अनोळखी, पुरुष". पुढचा थांबा लावला.